देणारे का पाडणारे

आमच्या वस्तीवर येऊन जो माणूस चहा नको म्हणतो, त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं असं माझं पक्कं मत आहे. तो वाशिमहून मोटारसायकलवर आला, खांद्याला कापडी पिशवी, आणि बसता बसताच म्हणाला, "चहा नको ताई, मी सोडला." मी मनात म्हटलं, घ्या! आला आणखी एक.

आसेगावच्या पलीकडे, ई-क्लासवर आमची वस्ती. ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान. कागदावर ते गाईंसाठी राखलेलं आहे, पण गाईंपेक्षा माणसंच तिथे जास्त राहतात. दिवाळी झाली की निम्मी वस्ती वीटभट्टीवर निघून जाते आणि पेरणीच्या तोंडावर परत येते. मीही जाते, माझा नवराही जातो. सासू मात्र गुडघ्यांमुळे आता जात नाही. चार मातीच्या भिंती आणि वर पत्रे, एवढ्यात ती एकटी राहते आणि कोंबड्यांशी भांडते.

तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. मरायच्या आधी आपल्या नावाच्या जागेवर आपलं घर. बाकी तिची काही मागणी नव्हती, माझ्या स्वयंपाकाबद्दलची सोडून.

तो कार्यकर्ता होता, सगळे त्याला भाऊ म्हणत. ओसरीत बसून तो तिलाच सांगू लागला. "आजी, घरकुलाले जागा लागते नावावर. तुमच्याजवळ जागा नाई, म्हनून घर नाई. सरकार मार्चात बजेट मांडते. त्याच्या आधी आपन बोललं पाह्यजे. ज्याईले जागा नाई त्याईच्या जागेसाठी, अन् जे कामाले भाईर जातात त्याईच्या घरासाठी वेगळा पैसा ठेवा म्हनून मागू. मांगतलं नाई तर कोन देते?"

"अन् तुमाले काय भेटते यात?" मी विचारलं.

"काही नाई ताई."

झालं! माझा संशय आणखी पक्का झाला. मला थोडं मिळतं असं म्हणणाऱ्याशी माणूस व्यवहार तरी करू शकतो. 'काही नाही' म्हणणाऱ्याचं काय करायचं? मी त्याला त्याचं गाव विचारलं, शेती विचारली, कोणत्या पक्षात आहे तेही आडून विचारलं. त्याने सगळ्याला सरळ उत्तरं दिली, आणि त्याचाही मला संशय आला.

सासू मात्र तयार झाली. "जाऊ ना वं. बोलाले काय जाते?" मी म्हटलं, आत्याबाई, हात दाखवून अवलक्षण कायले करता? पण ती ऐकणाऱ्यातली नव्हे. मग मलाही जावं लागलं. तिला एकटी पाठवली आणि कोणी तिच्या अंगठ्यावर शेत लिहून घेतलं तर? शेत नव्हतंच म्हणा, पण अंगठा तर होता.

दिवाळीआधी वाशिमला ती सभा झाली. आसेगावहून जीपने मंगरूळ, तिथून एसटी. मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे टेबलावर पाण्याच्या बाटल्या. भाऊने गावोगावची माणसं आणली होती. धनजकडची, कामरगावकडची, म्हणजे माझ्या माहेराकडची. मी माहेरच्या ओळखीचं कोणी दिसतं का पाहत होते, तर हा गडी दारात उभं राहून सगळ्यांचे मोबाईल नंबर घेत होता. मी आमचा नंबर एक आकडा चुकवून सांगितला. सासूने लगेच दुरुस्त केला. "अवं, साताचा आठ काहून केला? पाठ नाई का तुले?"

लोकप्रतिनिधी उशिरा आले. हार झाले, फोटो झाले, मग एकेक जण उठून बोलू लागला. कोणी कागद पाहून बोललं, कोणी रडलं. सासूची पाळी आली तेव्हा तिने आधी पदर सारखा केला आणि माईककडे असं पाहिलं, जणू तो चावेल.

"साहेब," ती म्हणाली, "मी याच जिल्ह्यात जन्मली, इथंच म्हातारी झाली. मतदानाले तुमी मले बोलावता. घरकुलाले बोलवत नाई. म्हनता, घराले पैसा देतो, जागा तुमची पाह्यजे. जागा कोठून आनू? आभायात बांधू काय? तुमच्या त्या बजेटात आमच्या जागेचा पैसा टाका. येवढंच."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. ती खाली बसली आणि चिडून माझ्या कानाशी म्हणाली, "हासाले काय झालं याईले?" साहेबांनी मात्र मान हलवून लिहून घेतलं आणि म्हणाले की मुद्दा महत्त्वाचा आहे, मी सभागृहात मांडतो. महत्त्वाचा आहे म्हटलं की मला धडकीच भरते. आमचे सगळे महत्त्वाचे मुद्दे अजून महत्त्वाचेच आहेत.

परतताना वाशिमच्या स्टँडवर त्या भाऊने सासूला भजी खाऊ घातली आणि स्वतःही खाल्ली. चहा चालत नाही, भजी चालतात! मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो म्हणाला, "ताई, तुमी मह्यावर लय ध्यान ठेवता." मी म्हटलं, "ठेवाच लागते भाऊ."

मग आम्ही भट्टीवर गेलो. मार्चमध्ये विटा थापता थापता नवऱ्याच्या मोबाईलवर बजेटच्या बातम्या ऐकल्या. बातम्या सांगणारा माणूस एवढ्या घाईत बोलत होता की जणू त्याचीच एसटी सुटत होती. संध्याकाळी भाऊचा फोन. "ताई, आपला मुद्दा आला!"

"आला म्हंजे? पाव्हना हाय का तो?"

"जागेसाठी पैसा ठेवला. आता पाहनी होईन, सर्वे होईन."

मी बरं म्हणून फोन ठेवला. आनंद झाला का? खरं सांगायचं तर झाला. पण आमच्याकडे आनंद झाला की माणूस आधी इकडेतिकडे पाहतो.

आता मध्येच एक जुनी गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझं लग्न व्हायच्या आधी सासूचं घर रस्त्याच्या कडेला होतं, तेही सरकारी जागेवरच. एक दिवस दोन माणसं मोजायची टेप घेऊन आली. मोठी गोड बोलत होती. "मावशी, हे घर कोणाचं?" सासू तेव्हा जवान होती, नवं घर होतं, शेणानं सारवून ऐटीत उभं केलेलं. ती म्हणाली, "माहं!" नाव सांगितलं, वर त्यांना ताकही पाजलं. काही दिवसांनी त्याच नावाची नोटीस आली आणि मग घर पाडायला मशीन आलं. शेजारणीने मात्र त्याच माणसांना सांगितलं होतं की घर माझं नाही, मालक परगावी आहे, मी नुसती राहते. नोटीस कोणाच्या नावाने काढायची हेच त्यांना कळेना. तिचं घर आणखी एक पावसाळा टिकलं.

तेव्हापासून आमच्यात एक रीतच पडली आहे. अनोळखी माणूस, हातात कागद, आणि त्याने विचारलं घर कोणाचं, की म्हणायचं आमचं नाही. आमची लेकरं शाळेत जायच्या आधी हे शिकतात. गुरुजींनी विचारलं तरी घर कुठे आहे ते सांगतात, कोणाचं आहे ते सांगत नाहीत.

चैतात सासूचा फोन आला, शेजारच्या बाईच्या मोबाईलवरून. आवाजात एवढा उत्साह की मला वाटलं कोंबडीने सोन्याचं अंडं घातलं.

"अवं, आल्ते लोकं! गाडी घेऊन आल्ते. एक बाई होती, एक मानूस. घर कोनाचं म्हने. म्या सांगतलं, माहं नाई बापा. मी पाव्हनी हाव. मालक भाईर गेला."

"मंग?"

"मंग काय, गेले तोंड घेऊन! लय गोड बोलत होते वं. तसेच गोड. म्या बरोबर वयखलं."

"बरं केलं आत्याबाई," मी म्हटलं. मनापासून म्हटलं. नवऱ्यालाही सांगितलं, तुझी माय अजून हुशार आहे. आम्ही दोघं हसलो.

दुसऱ्या दिवशी भाऊचा फोन आला. तो माणूस कधी आवाज चढवत नसे, पण त्या दिवशी ओरडला. "ताई, आजीनं असं काहून केलं? तो सर्वे होता! जागेचा! मी त्याईच्या मांगं लागून लागून तुमच्या वस्तीवर पाठवले होते, अन् अख्ख्या वस्तीनं सांगतलं घर आमचं नाई!"

अख्ख्या वस्तीने. एकानेही हो म्हटलं नव्हतं. आणि सर्वे येणार हे माहीत असूनही मीच 'बरं केलं' म्हटलं होतं.

माझ्या हातातला चिखल वाळून गेला तरी मी तशीच बसून होते. राग कोणावर काढायचा ते समजेना. मग तो सासूवर काढला. फोन करून मी तिला नको ते बोलले. एवढी वाशिमपर्यंत गेलीस, माईकवर बोललीस, आणि दारात आलेलं घर परत पाठवलंस? तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू सांग बरं. देनारा कोन अन् पाडनारा कोन, हे कसं वयखाचं? गाडी तेच, बॅग तेच, बोलनंही तेच. पाडनारे असते अन् म्या हो म्हनलं असतं, तं तू मले काय म्हनली असती?" मी आणखी जोरात ओरडले आणि फोन कापला.

पेरणीच्या आधी परत आलो तशी मी मंगरूळच्या तहसील कार्यालयात गेले. तिथले साहेब म्हणाले, तुमच्या सासूबाईंनीच सांगितलं की घर त्यांचं नाही, आम्ही काय करणार? मी म्हटलं, साहेब, तुम्ही आजवर ज्यांना ज्यांना पाठवलं त्यांनी आमची घरं पाडली. आता देणारे पाठवले तर आधी तसं सांगत जा की. बाजूच्या टेबलावरची मॅडम हसली. साहेब हसले नाहीत, पण पुन्हा एकदा माणूस पाठवतो म्हणाले. एवढ्या लवकर कबूल झाले की मला रस्ताभर पटेना. सरकारी माणूस एका फेरीत हो म्हणतो? भाऊलाही फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आता तरी इस्वास ठेवा." विश्वास ठेवा म्हणणाऱ्यांचीही मला वेगळीच भीती वाटते.

तो माणूस खरंच आला. दुपारची वेळ होती. वस्तीतली सगळी दारं अर्धी उघडी आणि प्रत्येक दारात कोणीतरी. सगळे आमच्याकडेच पाहत होते, की म्हातारी काय म्हणते. ती हो म्हणाली तर तेही हो म्हणणार होते, ती नाही म्हणाली तर कोणीच हो म्हणणार नव्हतं.

त्याने मोबाईल काढला आणि विचारलं, "आजी, हे घर कोणाचं?"

सासू उंबऱ्यावर बसली होती. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनेच विचारलं, "तुमी देनारे का पाडनारे?"

"आजी, मी फक्त लिहिणारा आहे," तो म्हणाला. "पुढचं वरून ठरतं."

निदान खोटं तरी बोलला नाही. सासूने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी सांगावं, मान हलवावी, एवढीच तिची अपेक्षा असणार. वाशिम मी केलं, मंगरूळ मी केलं, सांगून या माणसाला मीच आणलं. पण माझी मान हलेना. मला तरी काय माहीत होतं?

"माहं हाय," ती म्हणाली. "लिवा. घर माहं हाय."

तिने नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं. त्याने तिला दारात उभं करून फोटो काढला. पलीकडच्या घरातून लगेच आवाज आला, "साहेब, हे बी आमचं हाय!" मग त्याच्यापुढच्या घरातून. तो एकेका दाराशी थांबत गेला आणि लोक आपली घरं आपली म्हणत गेले. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत सासू रस्त्याकडे पाहत उभी होती. मग कमरेला पदर खोचून ती मला म्हणाली, "चाल, शिडी आन."

"कायले?"

"पत्रे उतरवाचे. आता नाव सांगून बसली मी. मशीन आलं तं पत्रे तरी हाती राह्यतीन."

"आत्याबाई, आभाय भरून आलं. राती पानी आलं तं?"

"भिजू," ती म्हणाली.

मी शिडी आणली.