ऐकू येतं, पण उमगत नाही

माझी मुलगी तिसरीत असताना गुरुजींनी मला वरकुट्याच्या शाळेत बोलावून घेतलं. शुद्धलेखनाची वही पुढं टाकत म्हणाले, "पोरीचं लक्ष न्हाय. 'पाटी' सांगितलं की 'काठी' लिहिती."

घरी येऊन मी तिला एक धपाटा घातला. ती रडत म्हणाली, "आये, मला ऐकू येतं गं. पण समद्यांचं एकदम येतं."

ते मला झोंबलं. लग्नघरात, मळणीयंत्रापाशी माझंही तेच व्हायचं. सासूबाई एक मागायच्या, मी भलतंच घेऊन जायची. "ध्यान कुठं असतं तुझं?" हे लहानपणापासून ऐकून आपण जरा मंदच, असं मी धरून चालले होते. पोरीनं तरी तसं धरून चालू नये, असं वाटलं.

इंदापूरच्या डॉक्टरांनी कानातला मळ काढला. फरक पडला नाही. मग नवऱ्याला सोबत घेऊन एसटीनं बारामती गाठली. तिथल्या एका दवाखान्यात पुण्याहून कान तपासणाऱ्या बाई यायच्या. बंद खोलीत त्यांनी पोरीला बारीक बारीक आवाज ऐकवले; तिला सगळे ऐकू आले. मग रेडिओ लावून, पाठमोऱ्या होऊन त्यांनी शब्द म्हटले. ते परत म्हणताना पोरीचे निम्मे चुकले.

"कान चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "गोंगाटातून शब्द वेगळा काढायला तिच्या मेंदूला जड जातं. हुशारीचा संबंध नाही. पुढं बसवा, तोंडाकडं बघू द्या, थोडं थोडं सांगा."

"मोठ्या माणसांनाबी असतं का हे?"

"असतं की."

परतीच्या गाडीत मी पहिल्यांदा नवऱ्याला स्वतःबद्दल सांगितलं. त्या दिवसापासून घरात माझ्याशी बोलताना तो टीव्ही बंद करायला लागला.

गुरुजी मात्र ऐकेनात. "कान चांगले हायत म्हणता, मग अडचण काय?"

वर्गाच्या खिडकीला लागूनच पिठाची गिरणी होती. मी म्हटलं, "गिरणी बंद असताना तेच शब्द घाला. तरी चुकली, तर मी परत येणार न्हाय."

दोन दिवसांनी वीज गेली आणि गिरणी थांबली. खुरपं बांधावर टाकून मी शाळेत धावले. गुरुजींनी दहा शब्द घातले. पोरीचा एकच चुकला. त्यांनी वही दोनदा बघितली आणि तिचं दप्तर उचलून खिडकीपासून लांब, पहिल्या रांगेत ठेवलं.

सगळं सोपं झालं असं नाही. पाढे म्हणताना ती अजूनही मागं पडायची. घरी मी एकेक ओळ तिच्यासमोर बसून म्हणून घ्यायची. पाचवीला नवीन मास्तर आले, तेव्हा मी पुन्हा शाळेत निघाले. वर्गाच्या दारात तिनं मला थांबवलं. "तू हितंच थांब. मी सांगते त्यास्नी."

आणि ती आत गेली.