थापटीला पंच लागत नाही

वाल्देसिरची सुरी कशी चालते ते बघायला मनाउसच्या मासळीबाजारात लोक उगाच उभे राहतात. जराकी हा मासा चवीला फक्कड, पण काट्यांचं नुसतं कोठार. त्याच्या दोन्ही अंगांना केसाकेसाच्या अंतराने चिरा पाडाव्या लागतात, म्हणजे तेलात काटे कुरकुरीत होतात आणि घशात अडकत नाहीत. चीर खोल गेली तर मासा तुटतो, उथळ राहिली तर गिऱ्हाईक शिव्या घालतं. वाल्देसिर बघतसुद्धा नाही. शेजारच्याशी गप्पा मारत बोटांनीच अंदाज घेतो. त्याचं टोपणनावही जराकीच. पोरवयात अंगावर मांस कमी आणि हाडं जास्त, म्हणून पडलेलं. ‘जराकीच जराकीला चिरतोय’ ही चेष्टा बाजारात इतकी शिळी झालीय की आता करणाऱ्यालाही हसू येत नाही.

गिऱ्हाइकांत कुणी चाळिशी ओलांडलेला असला की तो हमखास विषय काढतो.

"जराकी, त्या कुरितिबावाल्याने बेइमानी केली नसती ना, तर आज तू इथे बसला नसतास."

"नसतोही कदाचित," वाल्देसिर म्हणतो. "डोकं ठेवू की काढू?"

लोकांना ती एकच लढत आठवते. त्यानंतर सहा वर्षांनी झालेली दुसरी कुणाच्या लक्षात नाही. ह्या गड्याला मात्र गेली चौदा वर्षं ती दुसरीच आतून पोखरतेय.

अकराव्या वर्षी तो ओस्मारिनो वस्तादांकडे जिउ-जित्सू शिकायला गेला. पंक्चरच्या दुकानावर एक लांबडी खोली, वर पत्रा, खाली ठिगळं लावलेल्या गाद्या. दुपारी तिथे माणूस नुसता बसला तरी निथळायचा. वस्ताद बुटके, कान भज्यांसारखे चुरगळलेले, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी त्यांनी डाव शिकवला नाही, थापटायला शिकवलं. हात किंवा गळा पेचात सापडला आणि सहन होईना, की समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटायचं. म्हणजे हरलो, सोड.

"थापटीला पंच लागत नाही," वस्ताद म्हणाले. "ती ऐकू येवो न येवो, अंगाला कळते. कळली की सोडायचं. समोरच्याने आपला हात तुझ्या भरवशावर दिलेला असतो. उद्या त्याला त्याच हाताने भाकरी कमवायचीय."

सतरा वर्षं वाल्देसिरने ह्याच गाद्यांवर अंग घासलं. काळा पट्टा तिथेच कमरेला बांधला. रोज पन्नासदा थापटी खायची, पन्नासदा द्यायची. शेवटी शेवटी तर डोक्याला कळायच्या आधी त्याची बोटं उघडायची. झोपेत बायकोने, लुसिनेतने, कूस बदलताना हात लावला तरी हा दचकून बाजूला व्हायचा. ती अजून चिडवते, "लग्नाच्या पहिल्या वर्षी हा मला प्रतिस्पर्धीच समजत होता."

मग तो पिंजऱ्यातल्या लढतींकडे वळला. तिथे बुक्की, लाथ, कोपर सगळं चालतं. वाल्देसिरच्या बुक्कीत काही दम नव्हता, हे तोही जाणून होता. पण एकदा का खाली लोळवलं की समोरच्याचा हात त्याच्या मांड्यांमध्ये सापडलाच म्हणून समजा. सात लढती झाल्या, सातही जिंकला. आठवी दक्षिणेतल्या कुरितिबा शहराच्या त्या गोऱ्या गड्याशी. परदेशातून निवड करायला आलेली माणसं पुढच्याच रांगेत बसलेली. मनाउसचं अख्खं क्रीडागृह ‘जराकी, जराकी’ करत होतं आणि वस्ताद कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे.

दुसऱ्या फेरीत ह्याने खालून हात धरला, कंबर उचलली, आणि मांडीवर दोनदा थापटी आली. स्पष्ट आली. बोटं उघडली. पंच पलीकडच्या बाजूला होता, त्याला काही दिसलं नाही. तो गोरा उठला, मानेनेच ‘नाही’ म्हणाला आणि अजून पाठीवरच असलेल्या वाल्देसिरच्या तोंडावर बुक्क्यांचा पाऊस पाडला. हातातोंडाशी आलेला घास गेला. परदेशवाल्यांनी त्या गोऱ्याला नेलं. निर्लज्ज मेला, जाताना हात मिळवायलासुद्धा आला होता.

वस्ताद कपडे बदलायच्या खोलीत येऊन म्हणाले, "तू बरोबर केलंस."

"बरोबर करून काय मिळालं, वस्ताद?"

त्यांनी बर्फाची पिशवी त्याच्या डोळ्यावर धरली आणि पाणी गळेपर्यंत धरून ठेवली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वाल्देसिरने कानाला खडा लावला. पंचाचा हात आपल्या खांद्यावर पडेपर्यंत सोडायचं म्हणून नाही. पुढची सहा वर्षं तो लहानसहान गावांच्या जत्रांत, कधी गुरांच्या बाजाराच्या मांडवात लढत राहिला. पंच भले होते, वेळेवर पोचत होते. त्यामुळे ह्या खड्याची किंमत कधी द्यावी लागली नाही.

मग एरिवेल्तोन आला. इताकोआतियाराचा, बावीस वर्षांचा, ओठावर जेमतेम मिसरूड. तोही गाद्यांवरच वाढलेला. लढतीच्या आधी वजन करताना वाल्देसिरला वाकून म्हणाला, "तुमची ती लढत मी बघितलीय. तुम्ही सोडलंत. आमचे वस्ताद आम्हाला तुमचं उदाहरण देतात." वाल्देसिर हसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. जिंकणाऱ्याला रिओच्या मोठ्या संस्थेचं बोलावणं होतं. वाल्देसिर चौतिशीचा होता. पुन्हा अशी संधी येणार नव्हती.

पहिल्याच फेरीत तोच पेच, तोच कोन. पंच पुन्हा पलीकडे. मांडीवर टप टप. वाल्देसिरला कळलं. चक्क कळलं. आणि त्याच क्षणी कुरितिबाच्या त्या गोऱ्याची मान डोळ्यापुढे हलली. ह्याने कंबर उचलली. ओला बांबू मोडावा तसा आवाज झाला.

"मला थापटी लागलीच नाही," हे वाक्य त्याने त्या शनिवारी पंचाला सांगितलं, मग वार्ताहराला, मग लुसिनेतला. पुढे कुणी विचारलं नाही तरी सांगायला लागला. लोकांनी पंचाला दोष दिला. जराकी खोटं बोलेल असं मनाउसात कुणाच्या मनातही आलं नाही. कसं येणार? सोडणारा माणूस म्हणूनच तर त्याचं नाव झालं होतं. रिओला गेला, दोन लढती हरला, परत आला. इथे एक म्हण आहे, ज्याने जराकी खाल्ला तो इथून हलत नाही. हा तर नावानेच जराकी. मग सुरी हातात घेतली आणि गादीवर पाय ठेवला नाही तो नाहीच. पट्टा कपाटात खालच्या खणात गेला. एरिवेल्तोनचा उजवा हात पुन्हा सरळ झाला नाही, तो सायकली दुरुस्त करतो, एवढं कानावर आलं. इताकोआतियारा बसने चार-पाच तासांवर. चौदा वर्षांत ह्याला ती बस सापडली नाही.

वस्तादांकडे मात्र तो दर मंगळवारी मासे पोचवायचा. म्हातारा एक्याऐंशीचा झाला, फुप्फुसं गेली, टांगत्या झोळीतून उठवेना. त्या मंगळवारी वाल्देसिरने मासे स्वयंपाकघरात ठेवले, आणि वस्तादांनी त्याला जवळ बोलावलं.

"जराकी, एक विचारू?"

"विचारा की."

"त्या इताकोआतियाराच्या पोराची थापटी तुला कळली होती का?"

चौदा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. समोर मरायला टेकलेला माणूस, ज्याने त्याला पायावर उभं केलं. हो म्हणावं, मोकळं व्हावं, म्हातारा फार तर डोळे मिटून घेईल. पण इतकी वर्षं घोटलेलं वाक्य जिभेवर आयतंच बसलेलं होतं.

"नाही, वस्ताद. लागलीच नाही."

"बरं," वस्ताद म्हणाले. "मासा ताजा दिसतोय."

घरी आल्यावर लुसिनेतने विचारलं, "काय झालं? तोंड का असं?" हा म्हणाला, "काही नाही, ऊन." ती म्हणाली, "पावसात कसलं ऊन?" तिला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. बायकांना बरंच ठाऊक असतं.

शनिवारी वस्ताद गेले.

रविवारी सकाळपासून त्यांना त्याच लांबड्या खोलीत, गाद्यांवर ठेवलं होतं. माणसं जिन्यात चपला काढून अनवाणी आत येत होती, कारण मेले तरी वस्तादांच्या गाद्यांवर चपला घालून कोण जाईल? कॉफीचा थर्मास खिडकीत. शवपेटीवर त्यांचा झिजून पांढरा पडलेला पट्टा. वाल्देसिर चौदा वर्षांनी त्या गादीवर उभा होता आणि पायाच्या तळव्यांना प्रत्येक ठिगळ ओळखू येत होतं.

दुपारी पेटी उचलायची वेळ झाली. काळे पट्टेवाले सहाजण पुढे झाले. वाल्देसिरने कडी धरली, समोर बघितलं, तर पलीकडची कडी एरिवेल्तोनच्या डाव्या हातात. केस विरळ झालेले, चेहरा भरलेला. उजवा हात कोपरात वाकलेला, पोटाशी धरलेला. जिना उतरताना पेटी त्याच्या बाजूला कलली, तेव्हा वाल्देसिरनेच आपल्या बाजूने वर घेतली.

दफन झाल्यावर माणसं पांगली. फाटकाबाहेर बसथांब्यावर एरिवेल्तोन एकटा उभा होता. वाल्देसिर मागच्या मागे सटकणार होता, पण त्यानेच हाक मारली.

"तुम्हाला भेटायलाच थांबलोय." आवाजात राग नव्हता. "वस्तादांचा मंगळवारी फोन आला होता."

"तुला? वस्तादांचा?"

"ते यायचे ना माझ्याकडे. दर डिसेंबरात, बसने. पहिल्या वर्षी आले ते माफी मागायला. मी म्हटलं, तुमचा काय दोष? तर म्हणाले, हात माझ्या शागिर्दाचा, शिकवणं माझं. मग येतच राहिले. डाव्या हाताने पाना कसा धरायचा, तेही तेच बघून सांगायचे. तुमचा विषय मी काढला की म्हणायचे, तो येईल, त्याला येऊ दे." एरिवेल्तोनने वाकलेला हात चोळला. "मंगळवारी फोनवर बोलता येत नव्हतं त्यांना, धाप लागत होती. म्हणाले, जराकी आला होता. मी त्याला विचारलं. म्हणाला, कळली होती थापटी. रडला, म्हणाला, एरीची माफी मागतो."

वाल्देसिरने बस येतेय का ते बघितलं.

"खरं सांगतो, बरं वाटलं मला," एरिवेल्तोन म्हणाला. "चौदा वर्षं लोक म्हणत होते, पोराने थापटलंच नसेल, उगाच बोंबलतोय. माझा सख्खा भाऊसुद्धा. मलाच कधीकधी वाटायचं, खरंच थापटलं होतं ना मी?"

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. सगळं आयतं जुळून आलं होतं. वस्तादांनी जाता जाता ह्याच्या नावावर एक चांगलं काम मांडून ठेवलं होतं. समोरचा समाधानी, बस यायच्या बेतात. फक्त मान हलवायची. ह्याच्या मनात ते आलंही. त्याला स्वतःची शिसारी आली.

"एरी, मी असं काही म्हणालो नाही," तो म्हणाला. "वस्तादांनी विचारलं, तेव्हा मी नाही म्हणालो. तोंडावर खोटं बोललो. थापटी मला कळली होती. दोन्ही थापट्या. टप आणि टप. मला रिओला जायचं होतं."

एरिवेल्तोनने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुम्हाला कळली हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मी थापटलं आणि तुमची पकड सैल झाली. अगदी पाव क्षण. म्हणून मी निर्धास्त झालो, हात ढिला सोडला. ताठ धरला असता तर कदाचित इतका मोडला नसता, डॉक्टर म्हणाले होते."

पकड सैल झाली होती, हे वाल्देसिरला माहीतच नव्हतं. सतरा वर्षं वस्तादांनी शिकवलेली बोटं तेव्हाही उघडली होती. त्यानेच ती पुन्हा मिटली. तो खाली कठड्यावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे वस्ताद माझ्याशी खोटं बोलले," एरिवेल्तोन म्हणाला.

"हो."

"कधी बोलायचे ते खोटं?"

"कधीच नाही. मी त्यांच्याकडे सदतीस वर्षं होतो. कधीच नाही."

बस आली. एरिवेल्तोनने डाव्या हाताने दांडी धरली, पायरीवर पाय ठेवला आणि वळून म्हणाला, "तुम्ही मंगळवारी नुसतं हो म्हणायला हवं होतं. म्हाताऱ्याला एवढ्याशा श्वासात खोटं बोलायला लावलंत."

बस गेल्यावरही वाल्देसिर कठड्यावर बसून होता. लुसिनेत शोधत आली, म्हणाली, "चल, सगळे खोलीवर गेलेत. गाद्या धुवायच्यात." तो उठला. खोलीवर जाऊन त्याने बादली भरली, गुडघ्यांवर बसला आणि ब्रश घेऊन एकेक गादी घासायला लागला. लुसिनेतने विचारलं, रडतोयस का? तो हो म्हणाला.