वरचं पाणी

नव्या तांदळाची पेज उकळायला लागली, की मला सातव्या महिन्यातली ती सकाळ आठवते. गरोदरपणात माझी साखर वाढली होती. भात बंद करून नाचणीची भाकरी, पालेभाजी, जेवणानंतर दहिवलीच्या रस्त्यानं चालणं, सगळं मी पाळत होते. तरी साखर उतरेना. कर्जतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता इन्सुलिन सुरू करू." मला रडूच फुटलं. शेजारी बसलेल्या सासूबाई कळवळून म्हणाल्या, "भाताचं शीत नाय दिलं मी तिला! सकाळी तांब्याभर पेज देते, ती पण नुसतं वरचं पाणी." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो मावशी, त्या पाण्यातच भात उतरलेला असतो! आठवडाभर पेज थांबवा, मग बघू." पेज थांबली आणि आठवड्यात साखर उतरली. इन्सुलिन टळलं. पुढे लेक झाली, तिच्या टाचेला टोचून तपासलेली साखरही नीट निघाली, तेव्हा सासूबाईंनी पिशवीतून पेजेचा डबा काढला आणि थेट डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, "आता तरी देऊ का सुनेला?" आज ती लेक पेजेला पेज म्हणतच नाही. "आजीचं पाणी दे," म्हणत वाटी पुढे करते, आणि मी ती काठोकाठ भरते.