आई म्हणते, मशीन बिघडलंय

मित्रांनो, आज दुपारी शेतात भरीत पार्टी होती. सगळ्यांची नजर चुकवून मी गाडीमागे दोन पेग मारले आणि आईला घेऊन देवपूरला घरी निघालो.

पुलाच्या अलीकडे पोलिसांनी थांबवून मशीनमध्ये फुंकायला लावलं. आकडा बघून हवालदार म्हणाले, "गाडी जमा होईल. कोर्टात या. दंड होईल, जेलही होऊ शकते."

आई खाली उतरली. "भाऊ, मना पोऱ्या पेत नही. तुमनं मशीन बिघडेल शे."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली.

रिक्षात ती मशीनलाच शिव्या देत होती. आत्ता ओट्यावर शेजारणीलाही तेच सांगतेय. कोर्टात मी गुन्हा कबूल करीन. पण त्याआधी ओट्यावर जाऊन आईसमोर कसा कबूल करू?