खुर्चीवर बसण्याचा सराव

चिखलीला नव्या सरपंचांच्या शिबिरात मी शिकवायला लागलो, तेव्हा घरातला पहिला पदवीधर असल्याची मला मोठी ऐट होती. तीन दिवस मी फळ्यावर कायद्याची कलमं लिहीत होतो. चौथ्या दिवशी जानेफळकडचे एक सरपंच उठले.

"गुरुजी, कलमं समजली. पण सभेत मी बोलाले लागलो का जुने पाटील खाकरतात, अन् मी खुर्ची सोडून उभा राह्यतो. आमच्या वस्तीच्या विहिरीचा ठराव दोनदा तसाच राह्यला. याचं कलम कोणतं हो?"

सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत.

मी पुस्तक मिटलं, त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं आणि पाटलांसारखा खाकरलो. ते चटकन उभे राहिले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"पाटील, पाणी पाह्यजे का? नसन तर ठराव वाचतो."

महिन्याभरानं त्यांचं पोस्टकार्ड आलं. ठराव मंजूर झाला होता, आणि त्यांनी तो बसूनच वाचला होता.

पुढे निवृत्तीपर्यंत मी माणसांकडून असाच सराव करून घेत राहिलो. आपल्याला आयुष्यात काय करायचं आहे, हे मला त्या गृहस्थांमुळे कळलं. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.