मोठ्याने म्हटलेला शाप
आमच्या हिब्रू शास्त्रात शापांचा एक अध्याय आहे. देवाचं ऐकलं नाहीत तर काय काय भोगाल, याची लांबलचक यादी. पनवेलच्या आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, तो वर्षातून एकदा वाचतात, तोही भरभर, खालच्या आवाजात, कुणाच्या अंगाला लागू नये म्हणून. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी लोक, मरणाला भीत नसू एवढे त्या अध्यायाला भितो. वडील गेल्यापासून तो वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसरं कुणी पुढे होईना.

आणि तोच मी! गेल्या वर्षी मुलीने एका आगरी मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा त्यातलाच एक शाप भर दुपारी खणखणीत आवाजात तिच्या अंगावर फेकला. म्हटलं, घर करशील, पण त्या घरात राहायला मिळायचं नाही. बायकोने कानांवर हात ठेवले. राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही, हे तिला ठाऊक आहे, पण रागाच्या भरात देवाचे शब्द मी कधी तोंडात घेतले नव्हते. महिन्याभरात मुलीने रजिस्टर लग्न केलं आणि तळोज्याच्या नव्या इमारतीत राहायला गेली. मी लग्नाला गेलो नाही.

बायको जाऊन यायची. जावई कारखान्यातून शिफ्ट करून आला तरी स्वतः चहा टाकतो, सासू सुनेचे लाड करते, असं सांगायची. मी पेपरात तोंड खुपसून ऐकायचो. लिहिताना लाज वाटते, पण मला ते सुख खुपायचं. बापाचं बोलणं खोटं पडत होतं ना.

यंदा किप्पुरला, म्हणजे आमच्या मोठ्या उपासाच्या दिवशी, माशाच्या पोटातून सुटलेल्या संदेष्ट्याची गोष्ट नेहमीसारखी वाचली. हे शहर चाळीस दिवसांत बुडणार, असं तो बजावतो. लोक पस्तावतात, देव माफ करतो, आणि हा गृहस्थ चिडतो. शहराबाहेर मांडव घालून बसतो, आता तरी बुडतंय का बघत. आजवर मला त्याचं हसू यायचं. या खेपेला आलं नाही. देव बजावतो ते टळावं म्हणून. मी मात्र वर्षभर मांडव घालून बसलो होतो.

किप्पुरच्या दुसऱ्या दिवसाला आम्ही शिळा सण म्हणतो. त्या दिवशी दानधर्म करायचा, आपल्या माणसांकडे जायचं. मी बायकोलाही न सांगता तळोज्याची रिक्षा केली.

मुलीने दार उघडलं, पाणी दिलं. घर स्वच्छ होतं, पण भिंती कोऱ्या आणि कोपऱ्यात खोक्यांची चळत, चिकटपट्टीसकट. बायकोने हे मला कधी सांगितलं नव्हतं. वर्ष झालं तरी सामान लावलं नाहीस, असं मी सवयीने खेकसलो.

ती खाली बघत म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना बाबा, इथे राहायला मिळायचं नाही. मग कशाला लावायचं?"

मला रडू फुटलं. म्हटलं, "चुकलो गं. ते देवाचं बोलणं नव्हतं, माझ्या रागाचं होतं."

ती आतून सुरी घेऊन आली. पहिला खोका आम्ही दोघांनी मिळून उघडला. त्यात तिच्या लग्नाचे फोटो होते. मी ते तेव्हा पहिल्यांदा पाहिले.