विदूषकानं पुसलेली खुर्ची

पुष्पा गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, रोहिणीनं केला. सकाळचे दहा वाजले असतील. मी ओसरीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. "मावशी, आई गेली..." एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा सोलायला लागले. आता कुणी गेल्यावर बरं म्हणतात का? पण म्हटलं खरं. दुपारी कचऱ्याची टोपली उचलताना आमचे हे ओरडले, "अवं, दाणे काऊन फेकले सारे? अन् डब्यात टरफलं भरून ठेवली!" मी चष्म्याला दोष दिला आणि त्यांच्यावरच डाफरले. दीड महिना झाला त्याला. डोकं अजून ठिकाणावर नाही.

नांदुऱ्याच्या ज्या शाळेत मी गणित शिकवलं, तिथंच पुष्पा विज्ञान शिकवायची. हाडांचा सापळा पाहून मुली किंचाळल्या की म्हणायची, "याले कायले भेता? हा तर तुमच्या सगळ्याईच्या आत आहे!" तीच बाई घरी जाऊन भयकथा लिहायची, आणि त्या दिवाळी अंकांत छापूनही यायच्या. त्यांत हडळ नाही, पिंपळ नाही, पडकी विहीर नाही. कधी जत्रेतला आकाशपाळणा, कधी वेडंवाकडं दाखवणाऱ्या आरशांचा तंबू. पण फिरून फिरून गाडी यायची ती सर्कशीवर. मी चिडवायची, "तुह्या बारशाले जोकर आला होता काय व?" ती म्हणायची, "आला असंल. कोण होता ते कोणाले आठवते?"

या वेडाचं मूळ मला माहीत आहे, कारण तेव्हा मी सोबत होते. कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानात सर्कस लागली होती. आम्ही दोघींनी खेळ पाहिला, जोकराला पोट धरधरून हसलो. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीत गेलो, तर रांगेत आमच्यापुढं एक हडकुळा माणूस गव्हाचा डबा घेऊन उभा. कानामागं पांढरा रंग राहिलेला. पुष्पानं माझा दंड घट्ट धरला. "कालचा जोकर आहे व तो..." त्यानं वळून आमच्याकडं पाहिलं. हसला नाही, रागावला नाही, नुसतं पाहिलं आणि आपला डबा पुढं सरकवला. पीठ घेऊन घरी आलो, तसा पुष्पानं डबा खाली टेकवला. मग म्हणाली, "भूत तरी आपल्या मागं लागते. सर्कशीत तं आपणच नवे कपडे घालून जातो, कमल." पुढं परदेशी सिनेमांतले ते रंगवलेले, सुरा घेतलेले जोकर ती मोबाइलवर पाहायची आणि नाक मुरडायची. "हे तं पहिल्यापासूनच दात दाखवून राह्यले. मंग भेव कशाचं? भेव तं टाळ्या वाजवणाऱ्याईचं वाटाले पाह्यजे." मला तेव्हा हे समजलं नव्हतं. आज समजलंय, असंही छातीठोक म्हणवत नाही.

कथा छापायला पाठवण्याआधी ती मला वाचून दाखवायची, आणि त्याची एक ठरलेली रीत होती. तिच्या अंगणात मी बाजेवर बसायचं, मांडीवर सुपात शेंगा घ्यायच्या आणि सोलत राहायचं. तिच्याकडं पाहायचं नाही, वाहवा करायची नाही. "तोंडाचं खरं नसते. तोंड मास्तरणीचं आहे तुह्यं. मी हात पाह्यतो." आमच्याकडच्या जुन्या बायांसारखं ती बोलताना 'पाह्यतो'च म्हणायची, वाडवडलांची सवय. सोलणारे हात जिथं थांबले, तिथं समासात पेन्सिलीनं फुली. अख्ख्या कथेत फुली पडली नाही की ती कथा बाद. कितीही सांगा, ऐकायची नाही. आणि मी मेली दगडाच्या काळजाची! माझ्यामुळं तिच्या किती कथा पेटीत पडून राहिल्या असतील देव जाणे.

मागच्या हिवाळ्यात तिनं शेवटची कथा वाचली. ती बरीच वाळली होती. विचारलं तर "पित्ताचा त्रास हाय" म्हणाली. कथेत पूर्णेकाठच्या गावात सर्कस येते. रिंगणाच्या मधोमध एक रिकामी खुर्ची. विदूषक रोज येतो, खिशातून रुमाल काढतो, ती खुर्ची लख्ख पुसतो आणि प्रेक्षकांतल्या एकाला नाव घेऊन बोलावतो. तो माणूस लाजत, हसत जातो. लोक टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी गावात त्याचं नाव कोणाला आठवत नाही. एके दिवशी दोन मैत्रिणी खेळाला जातात आणि विदूषक त्यांतल्या एकीचं नाव घेतो. ती उठते. चार पावलं जाते आणि मागं वळून पाहते... मैत्रीण 'जाऊ नको' म्हणेल म्हणून. मैत्रीण टाळ्या वाजवत असते.

इथं कथा संपली. माझे हात थांबायला आले होते. का, ते मला माहीत होतं आणि नव्हतंही. तिचं ते वाळलेलं मनगट मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होते. पण हात थांबले तर तिला कळेल, आणि कळलं तर ती काहीतरी सांगेल, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. म्हणून मी सोलत राहिले. भराभर सोलत राहिले. "याच्यात भ्यासारखं काय हाय व?" असंही वर म्हटलं. ती जरा वेळ माझ्या सुपाकडं पाहत राहिली. मग वही मिटून म्हणाली, "जाऊ दे मंग. चहा घेतं काय?" आम्ही चहा घेतला. त्यानंतर ती आजाराबद्दल माझ्याशी कधीच बोलली नाही, थेट दवाखान्यात भरती होईपर्यंत.

पुष्पाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, विहारातली श्रद्धांजली आटोपून परत आल्यावर रोहिणीनं मला बाजूला नेलं. "मावशी, शेवटची कथा आईनं वाचून दाखवली, त्याच आठवड्यात तिचा रिपोर्ट आला होता. ती म्हणे, पहिले कमलले सांगतो." आणि तिनं ती वही माझ्या हातात ठेवली. मी तिथं उघडली नाही. घरी आणली, महिनाभर कपाटात ठेवली. म्हणजे मीच टाळ्या वाजवल्या होत्या, हे काय वही उघडून वाचायचं?

परवा उघडली. पानामागून पान, एकही फुली नाही. शेवटच्या पानावर, विदूषक नाव घेतो तिथं, समासात तिचं बारीक अक्षर: 'हात थांबले नाहीत. इथून पुढं दाणे टरफलात, टरफलं दाण्यांत. कमल लय भेली. तिले नाही सांगत.'

तिनं मला वाचवलं, की मी तिला एकटीला रिंगणात जाऊ दिलं? दोन्ही खरं असेल? रोज याचा वेगळा हिशेब लागतो, आणि मी गणिताची बाई!

आज सकाळी सूप घेऊन बसले. समोर एक रिकामी खुर्ची मांडली, पदरानं पुसली, आणि दचकून पदर सोडला. मग वही उघडून शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. हे आतून विचारत होते, "कोणाशी बोलून राह्यली व?" शेंगा खाली ठेवल्या, दोन्ही हात मांडीवर गप्प ठेवले आणि खुर्चीला म्हटलं, "भेली होती व मी, पुष्पे. जाऊ नको ना..."